नाटे गावचं केंद्र कुणी बंद केलं

हे मी घरीसुद्धा बोललेले नाही. संस्थेत तर नाहीच – तिथे मी अध्यक्ष आहे, आणि अध्यक्षांना कुणी असलं काही विचारत नाही.

मतिमंद मुलांसाठी आमची दोन केंद्रं होती, एक अलोरे गावात, एक नाटे गावात. नाट्याचं केंद्र विद्या सांभाळायची. ती त्याच गावची. शिकवणारी प्रशिक्षित माणसं मिळेनात, दोन्हीकडे ओढाताण व्हायला लागली, तेव्हा एक बंद करायचं मी ठरवलं. ठरवलं – मी एकटीने. बैठक नंतर घेतली. सगळ्यांची मतं विचारली, मान डोलावत ऐकली. विद्या म्हणाली, "मॅडम, अलोऱ्याला दुसरी शाळा जवळ आहे. आमच्या पोरांना कोणीच नाही." तिचं बरोबर होतं. पण अलोरं मला जवळ पडायचं. बाकी कारणं मी मागून जोडली.

पालकांना सांगायला आम्ही दोघी गेलो. विद्याची शेजारीण नसीमाभाभी पुढेच बसलेली, मांडीवर तिची मुलगी झोया. झोया केंद्रात येऊन स्वतःच्या हाताने जेवायला शिकली होती. मी बोलायला लागले आणि समोरचे चेहरे बदलले. मी घाबरले – दुसरं काय म्हणू? घाबरले आणि म्हणाले, "विद्याताईंशी बोलूनच ठरलंय हे."

बोलणं तर झालंच होतं ना? असं खोटं फार सोपं असतं.

नसीमाभाभी माझ्याकडे वळलीच नाही. "विद्या, तू पण हो म्हणालीस?"

विद्याने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली. मी पर्समध्ये चष्मा शोधत राहिले – चष्मा डोळ्यांवरच होता.

"हो," विद्या म्हणाली.

पुढे ती संध्याकाळी आपल्या पडवीत मुलांना बोलवायची. कुणी आलं नाही. झोयाला शिकवायला ती भाभीच्या दारापर्यंत गेली, भाभीने दार उघडलं नाही. वर्षाच्या आत विद्या विरारला भावाकडे गेली. जाताना मला फोन केला, तब्येतीची चौकशी केली. त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. मीही नाही.

मग हे आत्ताच का सांगतेय? मागच्या महिन्यात चिपळूणला तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात माझं व्याख्यान होतं – कठीण निर्णय कसे घ्यावेत. नाट्याचं उदाहरण मी नेहमी देते. एका मुलीने विचारलं, "तुमच्यात कुणाचा विरोध नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले. "एकमताने झालं." आणि ती ते लिहून घ्यायला लागली.

विरोध होता. विद्याचा होता, आणि तो योग्य होता. तिच्या गावासमोर ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं. निघालं नाही. झोया आता मोठी झाली असेल. तिला पुढे कुणी काही शिकवलं की नाही, ते मी कधी विचारलेलं नाही.