आठव्या आणि नवव्या इनिंगचे रिकामे रकाने

त्या पिचरचं, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याचं, मी काही वाकडं केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याची माझी ओळख नाही. तो मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभा होता आणि मी विसाव्या रांगेत, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी घेऊन बसलो होतो. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला राहतो. घरापासून अर्ध्या तासावर एका व्यावसायिक बेसबॉल संघाचं मैदान आहे. मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा संघ. तिथले खेळाडू एक तर वर जातात, नाही तर घरी जातात. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा तिथे नेलं, कारण त्या दिवशी घरात रंगकाम चाललं होतं. तिला खेळ लागला. मला नाही लागला. मी नागपूरला क्रिकेट बघत वाढलेला माणूस. तीन तास बसायचं आणि शेवटी दोन विरुद्ध एक असा निकाल घेऊन उठायचं, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. पण मी दर वेळी गेलो. गाडी चालवली, पाणी नेलं, फोन बघत बसलो. याला मी सोबत समजत होतो.

तिच्याकडे स्कोअरची वही होती. प्रत्येक फलंदाजाला एक ओळ, प्रत्येक इनिंगला एक रकाना, पेन्सिलीने भरलेला. बारा वर्षांची असताना एकदा जेवताना तिने मला परफेक्ट गेम समजावून सांगितला होता. नऊ इनिंग, सत्तावीस फलंदाज, आणि एकही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचत नाही. हिट नाही, कोणाची चूक नाही, फुकटचा बेस नाही. मोठ्या लीगमध्ये शंभराहून जास्त वर्षांत दोन डझनांच्या आसपासच झालेत.

"मला एकदा तरी बघायचाय. टीव्हीवर नाही. विथ माय ओन आइज."

"बघशील की," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

ती सोळा वर्षांची असतानाचा ऑगस्टमधला तो रविवार. दोनची मॅच होती. साडेचारला आम्हाला एका केळवणाला जायचं होतं. यजमान काकू म्हणजे इथे फार पूर्वी आलेल्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टर. आम्ही नवीन असताना त्यांनी आम्हाला खूप सांभाळलं होतं. बायको सकाळीच त्यांच्याकडे मदतीला गेली होती. श्रीखंड माझ्याकडे होतं, गाडीच्या डिकीत, बर्फाच्या पेटीत. बाहेर ऊन असं होतं की मला मॅचपेक्षा त्या बर्फाची जास्त काळजी लागली होती.

पाचव्या इनिंगच्या सुमाराला मी म्हणालो, "आज अगदीच बोअर चाललंय, नाही? काही होतच नाहीये."

"बाबा, प्लीज."

ती वहीवर इतकी वाकली होती की तिची वेणी पानावर आली होती. समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडेही तशीच वही होती. नेहमी बडबड करणारे ते, त्या दिवशी गप्प होते. मग माझं लक्ष खेळाडूंच्या बाकाकडे गेलं. आपल्या संघाचा पिचर बाकाच्या टोकाला एकटाच बसला होता. त्याच्या शेजारी चार माणसांची जागा मोकळी. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, त्याच्याकडे बघतही नव्हतं.

"त्याला वाळीत टाकलंय की काय?" मी विचारलं. "काय केलं त्याने?"

"कॅन यू प्लीज नॉट टॉक?"

मला त्या मुलखावेगळ्या एकटेपणाची खरंच कीव आली. भांडण झालं असेल असं वाटलं.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, हातपाय मोकळे करतं, गाणं म्हणतं. आमच्या घरचा नियम असा की लोक उभे राहिले की आपण निघायचं, म्हणजे पार्किंगमधून सुटका होते. बायकोचा मेसेज आला होता: श्रीखंड कुठे आहे? निघालात का? मी पिशवी उचलली.

"चल."

"आज थांबू या ना. लास्ट दोन इनिंग्ज."

"का?"

"मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे?"

"नाही येत सांगता! बस थांबू या."

"अगं, लोक वाट बघत असतील. साडेचार म्हणजे साडेचार. आपण वेळेवर जाणारी माणसं आहोत."

समोरचे गृहस्थ वळले. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी थोडा वेळ उभी राहिली, मग तिने वही मिटली. ती वाद घालणारी मुलगी आहे. त्या दिवशी तिने घातला नाही, आणि मी ते समजूतदारपणाचं लक्षण मानलं.

गाडी हमरस्त्याला लागल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "परफेक्ट गेम चालू होता."

मला आधी कळलंच नाही. मग आमटीचं ते जेवण आठवलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसतं! कोणीच बोलत नाही. बोललं की जातो. म्हणून तो एकटा बसला होता."

नागपूरच्या आमच्या घरात मॅच रंगात आली की वडील कोणाला जागचं हलू देत नसत. एकदा माझा काका पाणी प्यायला उठला, आणि त्याच वेळी आपल्या फलंदाजाने सलग दोन चौकार मारले. वडिलांनी त्याला स्वयंपाकघराच्या दारातच उभं केलं, हातात पेला घेऊन. शतक लागेपर्यंत काका तिथे तसाच उभा. "बसशील तर याद राख," वडील म्हणाले होते. नव्वदीत आलेल्या फलंदाजाबद्दल आमच्याकडे कोणी शब्द काढत नसे. बाळ गुटगुटीत आहे असं आई कधी म्हणाली नाही, दृष्ट लागेल म्हणून. म्हणजे त्या स्टेडियममध्ये ते मौन ओळखायला मी सगळ्यात लायक माणूस होतो. आणि मीच त्याला भांडण समजलो.

"वळवू का गाडी?"

"एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत."

तिने फोनवर रेडिओ लावला. आठवी इनिंग. एक बाद, दोन बाद. ती वहीला हात लावत नव्हती.

"लिही ना."

"बघितलं नाही ते लिहीत नाही."

तिसरा बाद झाला, तेव्हा आम्ही सिग्नलला उभे होतो. समोर एक मोठं फर्निचरचं दुकान होतं, त्याच्या दारात सोफे मांडलेले. त्या सोफ्यांकडे बघत मी मनात म्हणालो, देवा, एक हिट पडू दे. एकच. म्हणजे बघण्यासारखं काही झालंच नाही असं होईल. म्हणजे मी फक्त एक साधी मॅच अर्धवट सोडून आलेला बाप होईन. मी त्या वेळी तिचा विचार केला असं म्हणायला मला आवडेल. थोडा केला असेलही. पण मुख्य विचार माझाच होता. एका परक्या तरुणाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मोडावी म्हणून मी कुलदैवताचं नाव घेतलं.

नववी इनिंग आम्ही काकूंच्या दारात, बंद गाडीत बसून ऐकली. एक बाद. दोन बाद. सव्विसावा. आणि सत्ताविसाव्याने बॅट फिरवली ती नीट लागलीही नाही. चेंडू गवतावरून रांगत गेला, पिचर धावला, घसरला, आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. रेडिओवर नुसता लोकांचा आवाज येत राहिला. मग पुढचा फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला. मॅच जिंकली होती.

मुलगी रडायला लागली. "पुअर गाय," एवढंच म्हणत होती.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला चक्क हलकं वाटलं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझा चेहरा तिला दिसत नाहीये ना, एवढंच मी बघत होतो.

बेल वाजवली तर काकूंनी केसांना टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत दार उघडलं.

"अगं बाई! तुम्ही एवढ्यात? साडेचार सांगितलं म्हणजे लोक सहापर्यंत येतात. इतकी वर्षं झाली, अजून कळलं नाही होय रे तुला?" मग मुलीचे डोळे बघून, "हिला काय झालं?"

"ऊन लागलं," मी म्हणालो.

श्रीखंड पातळ झालं होतं.

नंतर दोन वर्षं मी त्या पिचरचं नाव शोधत राहिलो. पुढच्या मोसमात तो खालच्या एका संघात दिसला. त्यापुढे कुठल्याच यादीत नाही. खांदा गेला असेल, कंटाळला असेल, लग्न करून सुखात असेल. मी इंजिनिअर आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या मनाने अर्ध्या तासावरचा चेंडू वळत नाही, हे मला कळतं. तरी यादी उघडताना हात थांबतो.

मुलगी आता ॲन आर्बरला शिकते. यंदा मे महिन्यात सुट्टीला आली, तेव्हा कपाट आवरताना ती वही निघाली. तिने ते पान उघडलं. सात रकाने भरलेले, दोन कोरे. मला वाटलं, आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. मी तिला सगळं सांगितलं. सिग्नल, सोफे, कुलदैवत, छाती हलकी झाली तेसुद्धा.

तिने वहीवरून मान वर केली.

"वेट. तू प्रे केलंस? हिट पडावी म्हणून?"

"हो."

"दॅट्स टेरिबल, बाबा."

"हो."

"मला वाटायचं तुला कळलंच नाही. आपण काय सोडून आलो ते. तू पार्किंगमध्ये श्रीखंडाबद्दल बोलत होतास."

"तेव्हा नव्हतं कळलं. सिग्नलला कळलं होतं."

"हं." तिने पानावरून बोट फिरवलं. "आय वॉज सो मॅड ॲट यू. म्हणजे खूप दिवस. निघालो म्हणून नाही. तुला काहीच वाटलं नाही म्हणून."

ही माफी होती की नुसती माहिती, मला समजलं नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. वही मिटून ती म्हणाली, "उद्या एकची मॅच आहे. येणार?"

गेलो. पिचर वेगळा, समोरची रांग रिकामी. पहिल्याच इनिंगमध्ये आपल्या पिचरला चार हिट बसल्या. सातव्या इनिंगपर्यंत नऊ विरुद्ध दोन असा मार खाऊन झाला होता आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. लोक उभे राहिले, गाणं झालं, आणि निम्मे तसेच पायऱ्या उतरून गेले. मला तर तासाभरापासून बाथरूमला जायचं होतं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. "जायचंय का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

वाचवण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. मी कोणासाठी बसून होतो, तिच्यासाठी की त्या कुठल्याच यादीत नसलेल्या माणसासाठी, हे मला सांगता येणार नाही. ती ओलसर पानावर आठवा रकाना भरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या काकासारखा, हातातली पाण्याची बाटलीही खाली न ठेवता, शेवटचा फलंदाज बाद होईपर्यंत हललो नाही.