मंगळाचा तिसरा भाग

जानराव तायड्याला इंग्रजी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की मी लपवून ठेवलं. लहानपणी चिखलदऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर तो बागेला पाणी घालायचा. तिथे त्याला वीसेक इंग्रजी शब्द मिळाले, आणि त्यातल्या निम्म्या शिव्या होत्या. एवढ्या भांडवलावर या माणसानं दहा वर्षं अख्ख्या वऱ्हाडाला इंग्रजी सिनेमे समजावून सांगितले.

मी त्या तंबूच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मालक अमरावतीचे पंजाबराव. दिवाळी झाली की आमचा तंबू निघायचा, मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर करत अकोल्याला जायचा आणि मृगाच्या आधी परत यायचा. आत मधोमध कनात, अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया, आणि सगळे जमिनीवर. जानराव मुळात तंबूच्या खुंट्या ठोकायला होता. एकदा इंग्रजी सिनेमाला लोक जांभया देऊ लागले तेव्हा पंजाबरावांनी त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि म्हणाले, "तुले येते नं इंग्रजी? मंग सांग या लोकायले." तेव्हापासून जानराव पडद्याशेजारी भोंगा आणि छडी घेऊन उभा राहू लागला. खुंट्याही तोच ठोकायचा.

अठ्ठावन्न साली आमच्याकडे एक इंग्रजी सिनेमा आला. त्याचं मूळ नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून पंजाबरावांनी पाटीवर 'मंगळावर माणूस, भाग पहिला' असं रंगवून घेतलं. एक माणूस अग्निबाणात बसून मंगळावर जातो, एवढीच गोष्ट. जानरावनं ती अशी सांगितली की विचारू नका. अग्निबाणातली माणसं हवेत तरंगू लागली तेव्हा तो म्हणाला, "घाबरू नका. तिथं वजनच नसते. पाच मन कापूस काट्यावर टाका, काटा हालत नाही. तिथं अडत्याची मजा हाय." सगळा तंबू हसला. समोर एक अडत्या बसला होता, तोही हसला. शाळेतले मास्तर मला म्हणायचे, तुमचा जानराव शास्त्राचा खून करतो. मी म्हणायचो, करू द्या. तुमच्या वर्गात तरी कोण एवढं कान देऊन ऐकतं?

पण पहिल्याच भागात त्यानं एक घोटाळा करून ठेवला. माणूस अग्निबाणात चढण्याआधी एक बाई त्याच्या मनगटावर काळा पट्टा बांधते. हवा मोजायचं घड्याळ होतं त्यावर, मला मशीनवरून स्वच्छ दिसत होतं. जानराव मात्र भोंग्यातून म्हणाला, "पाहा मायबहिनींनो, भागू भावाले राखी बांधून राहिली."

मी मशीनवर हात ठेवून तसाच उभा राहिलो, कारण भागू म्हणजे भागीरथा हे मला ठाऊक होतं. भागीरथा जानरावची सख्खी बहीण. दर्यापूरपासून चार कोसांवर बोरखेडीला दिलेली. छप्पनच्या दसऱ्याला जानराव नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. भागीरथानं आणि तिच्या घरच्यांनीही घेतली. पुढच्या श्रावणात तिनं सवयीनं भावाला टपालानं राखी पाठवली. जानरावचा नवा नवा कडकपणा होता. त्यानं ती तशीच परत पाठवली आणि सोबत एक ओळ लिहिली, 'हे आता आपल्यात नाही.' त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. यानंही लिहिलं नाही. बहिणीशी तुटलं याची बोच त्याला आतून खात होती, आणि तोंडावर मला म्हणायचा, "नियम मंजे नियम, मादेवभाऊ." ज्यानं खरी राखी परत धाडली त्याला सिनेमातल्या घड्याळाच्या पट्ट्यात राखी दिसली. मी विचारलं, "अरे, हे काय सांगितलंस?" तर म्हणाला, "तोंडातून निंगून गेलं."

एकदा निघालं ते निघालं. पाटीवरचं नाव विसरून बाया 'भागूचा सिनेमा' म्हणू लागल्या. कनातीपलीकडे इतकी गर्दी आम्ही कधी पाहिली नव्हती. साठ साली दुसरा भाग आला. त्यात तो माणूस मंगळावर अडकतो, पाणी संपतं, आणि दगडाला टेकून खिशातला त्या बाईचा फोटो पाहत बसतो. जानराव म्हणाला, "बहिनीचा फोटो पाहून राहिला. आता त्याले समजलं, लेकाले, मांगं काय सोडून आलो थे." त्याचा आवाज फाटला. कनातीपलीकडून मुसमुसणं ऐकू आलं. सिनेमा तिथेच अर्धवट संपला तेव्हा लोक उठेनात. जानरावनं भोंगा तोंडाला लावून सांगितलं, "तिसऱ्या भागात भाऊ घरी येते. माही जबान."

आता त्या सिनेमावाल्यांनी तिसरा भाग काढला तरी की नाही, हे आम्हाला कुठे माहीत? तीन वर्षं बाजाराच्या दिवशी लोक जानरावला धरून विचारायचे, "भागूचा भाऊ कवा येते?" जणू यानंच त्याला मंगळावर पाठवलं होतं. जानराव म्हणायचा, "रस्त्यात हाय."

त्रेसष्टच्या हिवाळ्यात तिसऱ्या भागाचे डबे आले. पहिला मुक्काम दर्यापूर ठरला. आदल्या दुपारी मी आणि जानरावनं एका सरकीच्या गोदामात दारं लावून भिंतीवर सिनेमा चालवून पाहिला. माणूस घरी आला. जानरावनं माझ्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला. मग ती बाई धावत आली, दोघं एकमेकांना बिलगली, आणि पुढे इंग्रजी सिनेमात जे होतं ते झालं. वर त्यानं तिच्या बोटात अंगठी घातली.

"मादेवभाऊ," जानराव म्हणाला, "हे त लगन करून राहिले."

मला हसू फुटलं. हसू कशाचं, मी खाली बसून लोळायचाच राहिलो होतो. त्याचा चेहरा पाहिला तेव्हा थांबलो. तो सरकीच्या पोत्यावर बसला होता. या बाईला त्यानं बहिणीचं नाव दिलं होतं. उद्या भर तंबूत भागू परक्या पुरुषाच्या गळ्यात पडणार, तेही तिच्या सासरपासून चार कोसांवर. बाजारकरी रात्रीतून बातमी बोरखेडीला पोचवणार. राखी परत केली, आणि आता बहिणीचं नाव तंबूत हसण्यावारी नेलं, असं होणार होतं.

पंजाबरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय? मानूस दारात आला का रीळ बंद कर. 'समाप्त' सांग. लोक खुश." ते खोटं नव्हतं. मीही तेच म्हणालो. जानराव उठून खुंट्या ठोकायला गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच तंबू गच्च भरला. जानरावनं सगळा सिनेमा नेहमीसारखा सांगितला, फक्त भागूचं नाव एकदाही घेतलं नाही. अग्निबाण जमिनीवर उतरला, दार उघडलं, माणूस बाहेर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात जानरावनं छडी वर करून मला खूण केली. मी मशीन थांबवली आणि दिवा लावला.

"मायबहिनींनो," तो म्हणाला, "माही चूक झाली. थे राखी नोती. घड्याळाचा पट्टा होता. हे भाऊबहीन नाहीत, यायचं लगन होनार हाय. मले इंग्रजी येत नाही. आन ह्या बाईचं नाव भागू नाही. भागू माह्या बहिनीचं नाव हाय, थे चुकून निंगालं. तिले कोनी नावं ठिऊ नका. ठेवाची त मले ठेवा."

बाप्यांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी ओरडलं, "पाच साल उल्लू बनवलं गा." जानराव मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, गेला आपला माणूस. पुन्हा भोंगा हातात धरणार नाही.

तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि एक म्हातारी उभी राहिली. तिचं नाव चतुराबाई, बोरखेडीची, हे मला मागाहून कळलं. शिट्ट्या मारणाऱ्यांकडे तिनं नुसतं पाहिलं आणि ते गप झाले.

"जानराव," ती म्हणाली, "आमाले दुसऱ्याच भागात समजलं होतं. बहिनीचा फोटो कोनी असा पायते काय?"

बाया हसल्या. मग बाप्येही हसले.

"मंग रडल्या कावून तुमी?" जानरावनं विचारलं. भोंगा तोंडालाच होता, त्यामुळे सगळ्या तंबूला ऐकू गेलं.

"तू रडून राहिला होता मनून. भागूच्या घरामांगं माहं घर हाय. आमाले मालूम नाही का, तू कोनाचं सांगून राहिला थे?" म्हातारीनं पडद्याकडे बोट केलं. "थो मानूस मंगळावरून घरी आला, बापा. तुह्यानं चार कोस होत नाही?"

"काय तोंड घेऊन जाऊ? राखी म्या वापस धाडली."

"राखीचं भागू काईच मनत नाही. तिनंबी सोडलंच हाय सारं. थे एवढंच मनते का भावाच्या चिठ्ठीत 'तब्येत कशी हाय' एवढं बी नोतं."

जानरावनं भोंगा खाली ठेवला. नाक पुसलं आणि मला म्हणाला, "लाव रीळ." उरलेला भाग मी चालवला. त्या दिवशी कोणी काही समजावून सांगितलं नाही. मिठी मारली तेव्हा काही आयांनी पोरींच्या डोळ्यांवर हात ठेवले, अंगठी घातली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि लोक आपापल्या चपला शोधत घरी गेले. लोक म्हणतात तिसऱ्या भागात राम राहत नाही. दर्यापूरकरांना विचारा. तो सिनेमा त्यांनी तीन दिवस पाहिला, आणि पुढचे दोन दिवस तर समजावायला कोणी नव्हतं.

कारण जानराव दुसऱ्या दिवशी पहाटेच बोरखेडीच्या रस्त्याला लागला होता. जाताना पंजाबरावांना विचारायचीही त्याला शुद्ध नव्हती. पंजाबराव दोन दिवस त्याला शिव्या देत होते आणि खुंट्या मला ठोकाव्या लागल्या. चौथ्या दिवशी तो परत आला. अंगात नवा सदरा होता.

"काय बोललास रे तिला?" मी विचारलं.

"काय बोलनार? दारातच इचारलं, तब्येत कशी हाय."

"मग?"

"थे मने, सहा सालाची तब्येत हाय, सांगाले येळ लागते. आत येऊन बस."