शुक्रवारचा फोन

मस्कतमधल्या मत्रह बंदराच्या किनारी रस्त्यावर आज कठडे रंगवत होते. "दीदी, गीला है, हाथ मत लगाना," रंगारी म्हणाला. राखाडी ऑईलपेंटचा उग्र वास नाकात शिरला आणि मी तिथेच थांबले. माझ्या लहानपणी बाबा घरी आले की हाच वास यायचा.

बाबा नौदलात इंजिनिअर अधिकारी होते. एकाहत्तरच्या लढाईत ते ज्या युद्धनौकेवर होते ती विलायतेत बांधलेली, वेगळ्या नावाने महायुद्ध पाहून उतारवयात आपल्याकडे आलेली. तिचा इतिहास ते सोयरीक जमवायला बसल्यासारखे कौतुकाने सांगत. एक गोष्ट मात्र आईखेरीज कुणाजवळ बोलले नाहीत; मला ती आईकडूनच कळली. बदली माणूस आल्याशिवाय वॉच, म्हणजे आपली पाळी, सोडायची नाही, हा नौदलाचा रिवाज. लढाईत इंजिनरूममधला त्यांचा जिवलग मित्र भीतीने गळाठला, पाळीवर आलाच नाही. बाबांनी त्याचीही वॉच उभ्याने काढली.

म्हातारपणी ते आमच्याकडे मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत राहायला आले. निवृत्त झालेल्या त्या नौकेचं संग्रहालय करायचं घाटत होतं, आणि समितीवर होता हाच मित्र. दर शुक्रवारी त्याचा फोन येई. "तळाला पाणी नाही ना रे साचत?" बाबा विचारत. "छे, एकदम कोरडी. रंग चालू आहे," तो म्हणे. त्या दिवशी बाबांना जेवण जास्त जाई.

मग आपली एक नौका मस्कतला सदिच्छाभेटीला आली. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून गेले, चढताना निशाणाला सलाम केला. गप्पांत बाबांनी आपल्या नौकेचं आणि त्या मित्राचं नाव काढलं, तेव्हा एक तरुण अधिकारी अदबीने म्हणाला, "सर, ती शिप तर मागेच स्क्रॅपला गेली. तुमच्या मित्रांनीच तसा रिपोर्ट दिला होता. मी तेव्हा त्या समितीच्या कामाला होतो."

परतताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "जहाज थकलं होतं. कापलं तर कापलं. पण त्यानं मला सांगायला हवं होतं." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. म्हाताऱ्याचं मन राखायला खोटं बोलला असेल, असं माझा नवरा म्हणतो. मला ते पटत नाही. तो स्वतःचं तोंड लपवत होता.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला. बाबा गॅलरीत बसले होते, उठले नाहीत. "त्याला सांग, बाबा वॉचवर आहेत."

मी सांगितलं. पलीकडून फोन ठेवला गेला. त्याचा फोन पुन्हा कधी आला नाही.

बाबा मात्र शेवटपर्यंत दर शुक्रवारी त्याच वेळेला गॅलरीत खुर्ची टाकून बसत, कान घरात लावून. त्याचा फोन आला असता तर त्यांनी त्याला माफ केलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच माझा राग अजून जात नाही.