शौक आबांचा, तोबरा आईचा

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात घोडी असलेलं घर एकच, ते आमचं. आजोबांनी पाळली, मग आबांनी. शेतीला तिचा काही उपयोग नव्हता. नांगराला बैल होते, तालुक्याला एसटी होती. तरी माझे वडील झुलाल आबा फेटा बांधून बाजाराला जायचे ते या घोडीवरून, रेशमवरूनच. नवरदेवासाठी कुणी मागितली तर द्यायचे, पण भाडं घ्यायचे नाहीत. "शौकाचं कुठे भाडं घेतात?" म्हणायचे.

हा शौक चालायचा आईच्या म्हशींवर. हरभरा, नाल, औषधपाणी, सगळं दुधाच्या पैशातून निघे. धुरपदाबाई, म्हणजे माझी आई, त्यावरून रोज कुरकुरायची आणि रोज स्वतःच तोबरा भरून घोडीच्या तोंडाला बांधायची.

सत्याऐंशीच्या दुष्काळात कडबा मिळेना. एक म्हैस विकावी लागली. एका सकाळी आबा रेशमच्या अंगाला खरारा करता करता, आईकडे न बघताच म्हणाले, "यंदा हिले सारंगखेडाले लई जास."

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे नेणं म्हणजे विकणं.

आई म्हणाली, "ती गाभण शे. दोन जीव एक भावमा देतस का?"

"मंग खावाले काय देशी?"

दुसऱ्या दिवशी आई चाळीसगावकडे माहेरी गेली आणि निंबामामाच्या बैलगाडीतून चाऱ्याला उसाचं वाढं घेऊन आली. मामाच्या गाड्या पाऊस पडेपर्यंत येत राहिल्या. पावसाळ्यात रेशमला शिंगरू झालं, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. आबा त्याच्याजवळून हलेनात.

ते दीड वर्षाचं झालं तेव्हा त्याला विकायला आम्ही सगळेच सारंगखेड्याला गेलो. तापीवरचा गारठा, घोड्यांच्या गळ्यातले घुंगरू, तळलेल्या जिलबीचा वास, सगळं अजून आठवतं. एका व्यापाऱ्याने आबांचा हात रुमालाखाली घेतला. तिथे भाव बोटांनीच ठरतो, तोंडाने कुणी बोलत नाही. आकडा फारच कमी होता, आबांचा चेहरा पडला. पण शिंगरू विकायचं मनातून नव्हतंच, त्यामुळे घासाघीस करायचंही त्यांना सुचेना.

आई पुढे झाली. "भाऊ, मी काही रुमालमा हात घालाव नही. काय देतस ते मोठ्यानं सांगा. बठ्ठा आयकतीन."

सगळे ऐकतील म्हटल्यावर लोक जमलेच. व्यापारी अवघडला, एवढ्या माणसांत त्याला रुमालाखालचा आकडा तोंडाने सांगवेना. आईने शिंगराला दोनदा चालवून दाखवलं, त्याचे दात दाखवले, मग आपला भाव सांगितला. तो पुष्कळ होता. थोडी ओढाताण होऊन व्यापाऱ्याने बराचसा मान्य केला.

त्या पैशात दोन म्हशी आल्या, गोठ्यावर पत्रे पडले. बाजारातून घरी आल्यावर आबा रेशमच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आईने त्यांना तसंच राहू दिलं.

पुढे रेशमला आणखी दोन शिंगरं झाली. भाव आईच सांगायची, आबा बाजूला उभे राहून हसायचे. चौऱ्याण्णवला आबा गेले, त्याच वर्षी म्हातारी रेशमही गेली. माझ्या भावाने मोटारसायकल घेतली. घोडी पुन्हा घेतली नाही.

आई मात्र दत्तजयंतीला एसटीने सारंगखेड्याला जात राहिली. घोड्यांचे दात बघायची, चाल बघायची, भाव विचारायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची.