जेवणाचं विचारणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाई पोटाच्या पेशंटला पोटाबद्दल कधी विचारत नसत. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, चर्चच्या दारात, कुठेही जुनी पेशंट भेटली की त्यांचा एकच प्रश्न असे, "जेवतेस किती?" नवख्याला वाटे, बाई मायाळू आहेत. मायाळू त्या होत्याच, पण हा प्रश्न तपासणीचा होता. "पोट साफ होतं का विचारलं की बाईमाणूस खोटं बोलतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "ताटात किती वाढून घेते ते विचारा, भाऊ. पुढचं आपोआप कळतं."

नगरजवळच्या एका मिशन दवाखान्यात मी तेव्हा कारकून होतो, वयाने लहान आणि अकलेने त्याहून लहान. बाई तिथल्या हेडनर्स. आमच्या डॉक्टरांचा हात आतड्याच्या ऑपरेशनात चांगला होता. आठ-आठ दिवस शौचाला न होणारी, पोट फुगून टम्म झालेली माणसं लांबून येत. त्यांत बायका फार. पहाटे अंधारात आडोशाला जायचं, नाहीतर रात्र पडेपर्यंत दाबून धरायचं, हे पोरवयापासून चाललेलं. त्यातून काहींचं दुखणं पार हाताबाहेर गेलेलं असे.

पोट फाडायचं म्हटलं की बायका गाठोडं उचलत. मग बाई खाटेशेजारी जमिनीवर बसत, तिचा हात हातात घेत आणि म्हणत, "माझ्यावर सोड." बाईंनी असं म्हटलं आणि कागदावर अंगठा उठला नाही, हे मी कधी पाहिलं नाही. पुणतांब्याच्या गयाचाही तसाच उठला. वीस-बावीस वर्षांची पोर, मूलबाळ नाही. बरी झाली तरच नांदवू, असं सासरच्यांनी बजावलेलं. महिन्याभराने ती हसत घरी गेली, तेव्हा बाई फाटकापर्यंत पोचवायला गेल्या होत्या.

तीन-चार वर्षं गेली. ऑपरेशन झालेल्यांचं पुढे काय झालं, हे डॉक्टरांना हवं होतं. मी हुशारी केली. प्रत्येकाला एक कार्ड टाकलं, 'शौचास कसे होते, कळवावे.' उत्तरंही भराभर आली. सगळं उत्तम. मी रजिस्टरात उत्तम, उत्तम लिहीत सुटलो. बाईंनी कार्डांचा गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. गावात पोस्टमन कार्ड चावडीवर वाचून दाखवतो, आणि उत्तर लिहितो तो दीर नाहीतर भाऊ. कुठली बाई त्याला खरं सांगणार, असं त्यांनी मला विचारलं.  गयाच्या कार्डावर 'तब्येत एक नंबर' होतं. ते मात्र त्यांनी पर्समध्ये टाकलं.

रविवारी आम्ही दोघं रेल्वेने पुणतांब्याला गेलो. ते दुष्काळाचं साल होतं. गया खडी फोडायच्या कामावर आहे असं तिच्या माहेरी, भावाच्या घरी कळलं. तिथे बायकांची लांब रांग बसली होती. गया रांगेत नव्हती. वीस-पंचवीस पावलं दूर, वारा जिकडे जातो त्या बाजूला, ती एकटीच खडी फोडत होती. इतकी वाळली होती की मी ओळखलंच नाही. बाईंनी मला लांब थांबायला सांगितलं, पण माळावर शब्द ऐकू येत होते.

"जेवतेस किती, गया?"

"सांच्याला अर्धी भाकर. सकाळी खाल्लं तर कामाला येता येत न्हाई, बाई. आदी आठ-आठ दिस व्हायचं न्हाई, आता झालेलं बी कळत न्हाई."

नवऱ्याने वर्षातच आणून सोडलं होतं. ती भावाच्या गोठ्यात निजत होती. कार्ड भावानेच लिहिलं होतं, तिला न विचारता. मी शब्द दिला होता तुला, असं बाई म्हणाल्या तेव्हा तिनेच बाईंची समजूत घातली, "तुमी चांगल्यासाटीच केलं की." परतीच्या गाडीत बाईंनी पर्समधलं कार्ड काढून पुन्हा वाचलं. मला रजिस्टरातल्या स्वतःच्या सुंदर अक्षराची लाज वाटत होती.

बाईंनी तिला आपल्या क्वार्टरवर आणून ठेवलं. तिथे दाराला कडी असलेला संडास होता, पाणी होतं. गया दोन वेळा जेवू लागली, अंगावर थोडं मांसही धरू लागली. बाकीच्या पेशंटना आम्ही मग घरी जाऊनच गाठलं. काही खरोखरच ठणठणीत होत्या. काहींचं पुन्हा पहिल्यासारखं अडलं होतं. मी रजिस्टरातलं एकेक 'उत्तम' खोडत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात गयाच्या आतड्याला पीळ पडला. जुन्या टाक्यांपाशी आतून जखडलं असावं, डॉक्टर म्हणाले. लगेच पोट उघडलं तर वाचेल. गया भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता चिरू नका." डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. सगळ्या वॉर्डाने पाहिलं. बाई खाटेशेजारी जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. 'माझ्यावर सोड' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गया गेली. तिला बाईंनी एकटीने न्हाऊ घातलं, वॉर्डातल्या आयांना हात लावू दिला नाही.

नंतर त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि रजिस्टर उघडायला सांगितलं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिलेलंच होतं. ते पुरेसं आहे, असं मी चाचरत म्हणालो.

"पहिल्या ऑपरेशनला मी भरीस घातलं," त्या म्हणाल्या. "या वेळी मी गप्प बसले. दोन्ही लिहा."

असं लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, आणि बाईंनी खाली आपली सही केली.