कळशीभर पाणी
तापल्या डांबरावर पाणी पडलं की त्या वासानं मला वरवंड गाव आठवतं. नवरात्राचे दिवस होते. स्वमग्न मुलांच्या शाळेसाठी मदत गोळा करायला माझी थोरली बहीण मॅरेथॉन पळत दौंडला निघाली होती. मागं जीपमध्ये मी आणि तिची लेक. देवीची ज्योत घेऊन पळणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची तिकडं रीत. वरवंडला एका आजींनी कळशी आणून ताईचे पाय भिजवले. “ज्योत कुठं हाय गं?” धापा टाकत ताईनं लेकीकडं बोट केलं. आजी जीपपाशी आल्या, पोरीच्या पावलावर धार धरली. कुणी हात लावला तरी किंचाळणाऱ्या भाचीनं दुसरा पाय आपणहून पुढं केला. आता आमच्या गल्लीत ज्योत येते तेव्हा दारात कळशी घेऊन भाचीच सगळ्यांच्या आधी उभी असते.