पाव तासाची बहीण

कंपनीत तिला सगळे ‘स्क्रिप्टवाली’ म्हणायचे. आधी चिडवायला, मग कौतुकानं, आणि आता नुसतीच सवय म्हणून. पंप बनवणारी कंपनी, माणसं ढीगभर, आणि सगळ्यांची संगणकातली खाती सांभाळायला ही एकटी. नवा आला, खातं उघडा. कुणी पासवर्ड विसरला, बदलून द्या. कुणी नोकरी सोडली, मेल बंद करा, गेटचं कार्ड बंद करा. हातानं करता करता तिच्या नाकी नऊ यायचे. डबा उघडला की फोन वाजलाच म्हणून समजा!

मग तिनं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे काही जादू नव्हे. रोज टाइप करायच्या त्याच आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवायच्या आणि सर्व्हरला सांगायचं, बाबा रे, आता तूच कर. एचआरच्या कारकुनानं कुणाच्या नावापुढे ‘सेवा समाप्त’ अशी खूण केली, की स्क्रिप्ट त्या माणसाचं सगळं बंद करून टाकायची. दर पाव तासानं, न चुकता, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता.

पूर्वी तोच कारकून चिठ्ठी घेऊन यायचा, तेव्हा ही विचारायची, “सांगितलंय ना त्याला?” तो म्हणायचा, “नाही अजून, दुपारी सांगतील.” मग ती चिठ्ठी दुपारपर्यंत बाजूला ठेवायची. स्क्रिप्ट लिहिताना एवढा प्रश्न राहूनच गेला. ती काही आज्ञा नव्हती ना, आपलं नुसतं बोलणं होतं.

त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, याच कंपनीत गोदाम सांभाळायचा. वडील गेल्यावर हिचं शिक्षण त्यानंच केलं, इथं चिकटवलीही त्यानंच.

“चिमे, गेट उघडेना गं. तुझं यंत्र आज मला ओळखच देईना बघ!” मागे कुणीतरी खो खो हसलं.

“थांब, बघते.”

तिनं बघितलं. खातं बंद. कारण, सेवा समाप्त.

आता आपल्याला रडू फुटणार, असं तिला वाटलं. फुटलं नाही. काहीच झालं नाही. बोटांनी मात्र एक ओळ टाइप केली आणि खातं चालू झालं.

“आता लाव कार्ड.”

“उघडलं! वा गं माझी हुशार बहीण!”

तिनं एचआरला फोन लावला. “दादाला कुणी सांगितलंय का?”

“चार वाजता बोलावणार आहेत ना,” कारकून म्हणाला. “मी आपल्या काल घरी जाताना खुणा उरकून टाकल्या. सकाळी घाई नको म्हणून. का हो, काय झालं?”

“ती खूण काढा.”

“ते काय माझ्या हातात आहे का? साहेबच काढू शकतात.”

निदान चार वाजेपर्यंत तरी दादाला एका बंद गेटकडून कळू नये, माणसानं समोर बसवून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. सरळ स्क्रिप्टच थांबवायची ना! पण एवढी हुशार बाई, तिला ते सुचलंच नाही. डोकं बंद आणि बोटं चालू, अशी गत. स्क्रिप्ट खातं बंद करायची, ही उघडायची. परत बंद, परत उघड. मध्ये डबा खाल्ला. भाजी कसली होती ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एकदा उघडायला उशीर झाला. “चिमे, गोदामातला संगणक आत घेईना. ट्रक खोळंबलाय.”

“झालं बघ.”

“बरी आहेस ना गं? आवाज असा का?”

“बरी आहे.” सांगायची संधी समोर चालून आली होती आणि तिनं मिठाची गुळणी धरली. स्वतःचा राग यावा, तर तोही येईना.

चारच्या आधीच दादा तिच्या खोलीत आला. खुर्ची ओढून बसला. सर्व्हरची घरघर चालली होती, त्यामुळे त्याला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

“ट्रक सोडायला गेटवर गेलो होतो,” तो म्हणाला. “आमचा फिटर आणि पॅकिंगवाली ताई, दोघं सकाळपासून बाहेरच उभे आहेत. त्यांचीही कार्डं चालत नाहीत. वॉचमन म्हणतो, चार वाजता आत बोलावतील.” त्यानं गळ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं. “त्यांची बहीण इथं नाही ना. तेव्हा कळलं मला.”

तिनं स्क्रीनवर ती दोन नावं शोधली. त्या दोघांची खाती काल संध्याकाळपासून बंद होती आणि दिवसभरात तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“दादा, मी...”

“अगं, तुझी काय चूक? तुझं काम चोख आहे.” तो उठला, शर्ट नीट केला. “मी त्यांच्यात जाऊन उभा राहतो. मीच एकटा आत, हे बरं दिसत नाही. तेवढं कार्ड एकदा चालू कर. बाहेर पडायलाही लागतं ते.”

तिनं तीच ओळ पुन्हा टाइप केली.

“रेंगाळू नकोस, दादा,” ती म्हणाली. “परत बंद होईल.”